आठ ते दहाचा पहारा

या, जरा पुढे सरका. चपला बाहेरच राहू द्या. कोणी नेत नाही, आणि नेल्याच तर एखाद्याच्या पायांची सोय झाली म्हणायचं. त्या मागच्या आजींना भिंतीला टेकू द्या. आज एक गोष्ट सांगायची आहे, पण ती पोथीतली नाही. हिच्यात विमान उतरत नाही, शेवटी कोणाच्या झोपडीचं सोनं होत नाही. इथेच, नागपुरात, नंदनवन वस्तीत घडली. मी ती दोन-तीनदा सांगून पाहिली, आणि प्रत्येक वेळी सांगून झाल्यावर चूळ भरावीशी वाटली. तरी सांगतो, कारण तिच्यात एक माणूस आहे, आणि तो तुमच्यापर्यंत पोचायला हवा.

नंदनवनात पाण्याच्या टाकीमागे विठ्ठल-रुखमाईचं एक देऊळ आहे. इतकं लहान, की गाभाऱ्यात दोघं उभे राहिले तर तिसऱ्यानं बाहेरूनच हात जोडायचे. माघात तिथे सप्ताह बसतो. देवळापुढे पत्र्याचा मांडव, सात दिवस अखंड नाम, आणि त्या नामाचा सगळा भार एका वीणेवर. पहिल्या दिवशी ती कोणाच्या तरी गळ्यात चढते आणि काल्याचं कीर्तन झालं की मगच उतरते. मधल्या काळात तिनं टेकायचं नाही. भुईला नाही, पाटाला नाही, भिंतीला नाही. दोन-दोन तासांचे पहारे लागतात. घेणाऱ्यानं आधी देणाऱ्याच्या पाया पडायचं. वीणा दिली, की देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पाया पडायचं. मग एक सत्तरीचा असो नि दुसरा विशीतला. आणि कितीही मोठे बुवा येवोत, कीर्तनाला उभं राहण्याआधी आणि झाल्यावर त्यांनीही वीणेकऱ्याच्या पायांवर डोकं ठेवायचं. वीणेकरी मात्र कोणापुढे वाकत नाही. तो वाकला तर वीणा वाकते.

या देवळाच्या एकोणीस सप्ताहांत वीणा एकदाही टेकली नव्हती. यात निम्मी पुण्याई रुपरावांची.

रुपराव लकडगंजातल्या आरा मशीनवर, लाकडं कापायला, चाळीस वर्षं होते. उजवी करंगळी मशीनीनं नेलेली. वय शहात्तर, अंगात साखर, गुडघ्यांत वात. पण पहाटेचा सहा ते आठचा पहारा सातही दिवस त्यांचाच. "कोणाची साखरझोप काहून मोडता गा," ते म्हणायचे, "मायी तं साखर सगळी रक्तातच हाय." मध्ये एका वर्षी वीणेची खुंटी तुटली, तेव्हा शिसमाचा तुकडा आणून, चार दिवस काचेनं घासून त्यांनीच ती बसवली होती. बोटाला लागेल असा एक कंगोरा त्यांनी राहू दिला नव्हता.

आणि दुसरी शामलाबाई. ही गोष्ट खरं तर तिचीच. तिचा नवरा लहानू रुपरावांच्या जोडीला त्याच मशीनवर होता. तो गेला त्याला अकरा वर्षं झाली. म्हणून रुपराव तिचे भाऊजी, आणि ती त्यांची वयनी. शामलाबाईनं एका दवाखान्यात तीस वर्षं आयाचं काम केलं. लोकांची हागणी-मुतणी काढताना तिनं कधी नाकाला पदर लावला नाही. आणि तीस वर्षं ड्यूटी कशीही असो, नागपुरात कुठे कीर्तन असलं की ती पहिल्या रांगेत. पाय दुमडून, डोळे मिटून, कान उघडे. कोणतं आख्यान कुठे वळतं ते तिला बुवांच्या आधी ठाऊक असायचं.

त्यातलं एक वळण तिचं फार लाडकं होतं. भक्ताच्या दारी देव येतो, पण देव म्हणून येत नाही. घाणेरडा, तिरसट पाहुणा होऊन येतो. ताट लाथाडतो, घरधनिणीला वाट्टेल ते बोलतो, नको नको ते मागतो. आणि एवढं होऊनही जिचे हात जोडलेलेच राहतात, तिच्यापुढे तो आपलं खरं रूप उभं करतो. हे वळण आलं की शामलाबाईचे डोळे भरायचे, दर वेळी. इतक्यांदा ऐकलं, की तिच्या मनात ते पक्कंच बसलं: मोठा माणूस वंगाळ बोलला तर समजावं, आता पडदा उघडणार आहे.

काल्याच्या कीर्तनाला त्या वर्षी महाराजांना बोलवायचं तिच्याच मनात आलं होतं. आधी दर वर्षी लोणारेबुवा यायचे, सायकलवर, झोळीत टाळ घालून. त्यांचे पुढचे दात गेले होते. महाराज मात्र मोबाइलवर यायचे. बोरखेडीकर महाराज. रोज सकाळी पोळ्या लाटताना शामलाबाई फोन डब्याला टेकवून ठेवायची. महाराजांचा पहिला शब्दच "माउली" असायचा. असा काही उच्चारायचे, की लाटणं थांबायचं, तव्यावरची पोळी करपायची. तिनं देवळाच्या समितीत विषय काढला आणि अध्यक्ष मनोहररावांनी तो उचलून धरला. मनोहरराव निवृत्त मुख्याध्यापक. अख्ख्या वस्तीत त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांच्या समोरून जाताना पन्नाशीतली माणसं अजून शर्टाची गुंडी लावतात.

रुपराव तेवढं म्हणाले होते, "दात नसले तरी लोणारेबुवा गोड बोलते न वं. पण तुमच्या मनात हाय तं होऊ द्या, वयनी."

*

काल्याच्या दिवशी रुपराव नेहमीप्रमाणे सहाला वीणेवर उभे राहिले. आठला विक्रमचा पहारा होता. विक्रम चाळिशीचा, प्लॉटच्या धंद्यातला, समितीचा सचिव. फळ्यावर मनोहररावांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलंच होतं: आठ ते दहा, विक्रम.

आठला पाच कमी असताना विक्रमचा फोन वाजला. महाराजांची गाडी वाडीनाक्याला आली होती. "आलोच गा काका, पाच मिनिटांत," म्हणत तो हार घेऊन पळाला. त्याच्यामागे मृदंग गेला, टाळकरी गेले, झाडून सगळी पुरुषमंडळी गेली. मांडवात रुपराव उरले, आणि मागच्या बाजूला काल्याच्या लाह्या निवडणाऱ्या बाया.

साडेआठला महाराज मनोहररावांच्या घरी पोचल्याचं कळलं. घर दोन गल्ल्या सोडून. पावणेनऊ झाले. नऊ झाले. शामलाबाई लाह्यांवरून उठली आणि पुढे आली. रुपरावांचं नाम चालू होतं, पण ते एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार टाकत होते. तीस वर्षं आयाचं काम केलेल्या बाईला असल्या उभं राहण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

"भाऊजी, जायचं हाय का?"

त्यांनी नाम न तोडता होकाराची मान हलवली.

"मी बोलावून आणते विक्रमले. आता आली."

मनोहररावांच्या दारात चपलांचा ढीग होता. ओट्यावर, पायरीवर माणसं दर्शनासाठी थांबली होती. शामलाबाई वाट काढत आत गेली. पुढच्या खोलीत विक्रम होता, फोन उंच धरून स्वतःला आणि पलीकडल्या खोलीच्या दाराला एका फोटोत बसवायच्या खटपटीत.

"विक्रम, पहारा तुमचा हाय न? भाऊजी सहापासून उभे हायेत."

"काकू, पाहून नाही राहिल्या का? महाराज आतमध्ये हायेत. आता कसा जाऊ मी?"

तिनं सरळ आतलं दार ढकललं.

महाराज कोचावर बसले होते. फोनमध्ये दिसतात त्याहून गोरे, त्याहून जाड. अत्तराचा घमघमाट असा, की घशाशी यावा. त्यांचे पाय परातीत होते, आणि खाली जमिनीवर बसून ते पाय टॉवेलनं टिपत होते कोण, तर मनोहरराव गुरुजी. समोर मनोहररावांच्या बायको मधुवंतीबाई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. त्यांचे गुडघे धरतात, तरी उभ्या होत्या.

महाराजांनी कप घेतला. एक घोट घेतला, तोंडात खळखळवला आणि परत कपात थुंकला. मग तो कप तसाच मधुवंतीबाईंच्या पुढे धरला.

"तिसऱ्यांदा सांगतोय. आलं कमी. कळत नाही का? की गुरुजींनी सगळ्या गावाला शिकवलं आणि बायकोला राहिलं?"

मनोहरराव हसले. वर्गात कोणी हसलं तर छडी काढणारे मनोहरराव खाली मान घालून "हॅ हॅ" करत हसले. मधुवंतीबाईंनी थुंकीचा कप घेतला आणि कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरून राहिल्या.

शामलाबाईनं हात जोडले. "महाराज, एक विनंती होती जी."

"ही कोण?"

"शामलाबाई," मनोहरराव म्हणाले. "आपल्याला आमंत्रण द्यायचं यांच्याच मनात आलं."

"म्हणजे मघाचे पोहेही हिनंच केले असणार," महाराज म्हणाले, आणि खोलीतले चार-पाच जण हसले. "बोल."

"मांडवात वीणेवर आमचे रुपरावभाऊजी हायेत. आठचा पहारा बदललाच नाही. शहात्तर वर्षांचे हायेत, शुगर हाय त्यायले. कोणाले तरी धाडा म्हणते मी."

महाराज दात कोरत होते. काडीच्या टोकाला काय आलं ते त्यांनी नीट पाहिलं, कोचाच्या हाताला पुसलं.

"ए बाई, तुमच्या पहाऱ्याची ड्यूटी मी लावू? दमला असेल तर ठेव म्हणावं खाली. लाकूडच तर आहे."

क्षणभर मनोहररावांचा टॉवेल थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"काम काय करतेस तू?"

"दवाखान्यात आया होती जी."

"वाटलंच," महाराज म्हणाले. "वास आला."

पुन्हा हसू. दारातून डोकावणारा विक्रमही हसला.

आता तुम्ही असता, मी असतो, तर तिथेच कानशिलं तापली असती. शामलाबाईचं काय झालं माहीत आहे? तिच्या अंगावर काटा आला, आनंदानं. तिच्या डोळ्यांपुढे अख्खं आख्यान उभं राहिलं. कपात थुंकून झालं, घरधनिणीला बोलून झालं, आता मला बोलून झालं. वीणेला लाकूड म्हणाले. रोज सकाळी जो माणूस नामाचा महिमा सांगतो तो वीणेला लाकूड कसा म्हणेल? म्हणूनच म्हणाला. पाहतोय, कोण डगमगतं ते. भोळ्या बाईनं हात अजून घट्ट जोडले, आणि पाठ न दाखवता मागे मागे चालत बाहेर आली.

मधुवंतीबाई कप घेऊन मागोमाग आल्या होत्या. मोरीशी थांबून म्हणाल्या, "शामला, मले वाटते..."

"काय वं?"

त्यांनी कप उपडा केला, वरून पाण्याची धार सोडली. "काही नाही. जा तू."

*

"येऊन राहिला का विक्रम?" रुपरावांनी विचारलं. दोन नामांच्या मध्ये, ओठ न हलवल्यासारखं.

"येते. थोडी कळ काढा, भाऊजी. महाराज परीक्षा पाहून राहिले."

"कोणाची वं?"

"आपल्या सगळ्यायची."

रुपराव कसंनुसं हसले. कपाळावर घाम होता. "त्यायले म्हणा, तोंडी घ्या. मायाच्यानं आता उभ्यानं होत नाही."

शामलाबाईनं हात पुढे केले. "मंग माया गळ्यात द्या."

"देल्ली असती वयनी. पण बाईच्या गळ्यात या देवळात कधी गेली नाही. काल्याचा दिवस हाय, गुरुजी मांडव डोक्यावर घेतीन. तुमाले बोलतीन."

हे इथे नीट ऐका, कारण शामलाबाई स्वतः हे विसरत नाही. तिला त्यांच्या हातातून वीणा घेता आली असती. फळ्यावर बायकांची नावं नसायची इतकंच. नियम म्हणून कोणी काही लिहून ठेवलेला नव्हता. तिनं दोनदा म्हटलं असतं तर रुपरावांनी दिलीही असती. पण तिला वाटलं, आता मोडलं तर परीक्षेत आपणच नापास. पडदा उघडायची वेळ आणि आपणच घाई करायची? म्हणून ती त्यांच्या शेजारी उभी राहिली, त्यांच्या आवाजात आवाज मिसळून नाम घेऊ लागली, आणि म्हणाली, "निभावून नेऊ, भाऊजी."

रुपरावांनी डोळे मिटले.

साडेनऊ झाले. पावणेदहा. दहा वाजून गेले तेव्हा गल्लीत मृदंग ऐकू आला. शामलाबाईनं पदर सारखा केला. पुढे फुलं उधळत माणसं आली, मागून महाराज, त्यांच्यामागे कॅमेरावाला. आणि ते मांडवाच्या तोंडाशी आले असतील-नसतील, तेव्हा तिच्या कानावर एक बारीक आवाज आला. सतरंजीवर थेंब पडण्याचा.

तिनं खाली पाहिलं. रुपरावांचं धोतर घोट्यापर्यंत ओलं झालं होतं. ओल सतरंजीवर पसरत होती. ते हलले नव्हते. डोळे मिटलेले, नाम चालू, एक अक्षर इकडेतिकडे नाही. फक्त दोन्ही हातांनी त्यांनी वीणा छातीपासून वर उचलली होती, पार खांद्यापर्यंत. तिच्यावर थेंब उडू नये म्हणून.

मृदंग थांबला. सगळ्यांनी पाहिलं.

महाराजांनी रुमाल नाकाला लावला. "शी. काय हे? कुठून धरून आणलाय हा म्हातारा?"

फुलं उधळणारे हात खाली आले.

"अहो गुरुजी, देऊळ आहे का मुतारी? हाकला त्याला. फिनाइल टाका, धुऊन घ्या सगळं, मग बोलवा मला." ते वळले. वळताना कॅमेरावाल्याला हळूच म्हणाले, "बंद आहे ना ते?"

शामलाबाई तीन हातांवर उभी होती. तिला ऐकू आलं.

देव आंधळा होऊन आला, कुष्ठी होऊन आला, चोर होऊन आला, असं तिनं ऐकलं होतं. पण कॅमेरा बंद आहे ना, असं विचारणारा देव तिच्या कुठल्याच आख्यानात नव्हता. तिला एकदम मळमळलं. पायाशी सतरंजी ओली होती, तिचा वास येत होता, त्यानं नाही. तो वास तिच्या ओळखीचा होता, माणसाचा होता. तिला मळमळलं ते अत्तरानं.

सत्काराचं ताट समोरच होतं. श्रीफळ, हार आणि महाराजांसाठी घेतलेली शाल. शाल तिनंच पसंत केली होती, इतवारीत चार दुकानं हिंडून, काठ पाहून. तिनं ती उलगडली आणि रुपरावांच्या कमरेभोवती गुंडाळली. मग खाली बसून स्वतःच्या पदरानं सतरंजी टिपली. आणि तिथेच, त्या ओलीवर, रुपरावांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"द्या, भाऊजी."

"शामलाबाई," मनोहरराव पुढे आले, "बायकांनी वीणा..."

"मंग तुम्ही घ्या, गुरुजी." ती बाजूला झाली. "या. इथी उभे राहा."

मनोहररावांनी सतरंजीकडे पाहिलं. मग आपल्या पायजम्याच्या कडक इस्त्रीकडे. पाय उचलला गेला नाही.

"विक्रम, पहारा तं तुमचाच हाय."

विक्रम फोन खिशात घालत अर्धं पाऊल मागे सरकला.

रुपरावांनी वीणा शामलाबाईच्या गळ्यात घातली. पट्टा नीट बसला का ते पाहिलं. मग शाल एका हातानं सावरत, गुडघ्यांना जमेल तेवढं वाकून त्यांनी तिच्या पायांना हात लावला, आणि कोणाकडे न बघता मांडवाच्या मागच्या बाजूनं निघून गेले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या वीणेवर बाईचा आवाज लागला. तो कापत होता, पण सुटला नाही.

*

महाराज अर्ध्या तासानं परत आले. सतरंजी बदलली होती, उदबत्त्या लावल्या होत्या, कॅमेरा चालू होता. महाराज सरळ वीणेकडे आले. आणि काय वाकले म्हणून सांगू. सावकाश, डोळे मिटून, दोन्ही हातांच्या ओंजळीत शामलाबाईची पावलं धरून त्यांनी त्यावर कपाळ टेकलं. उठले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. "माउली," ते म्हणाले, आणि पहिल्या रांगेत चार पदर डोळ्यांना लागले.

त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. दीड तासापूर्वी जिचा वास आला होता, ती हीच, हे त्यांच्या गावीही नव्हतं. वीणेमागे कोण आहे ते त्यांनी पाहिलंच नव्हतं.

शामलाबाईला पाय मागे घ्यावेसे वाटले. घेतले नाहीत. वीणेकऱ्यानं नमस्कार नाकारायचा नसतो. तो त्याला नसतोच, वीणेला असतो. पण त्या मऊ, अत्तर लावलेल्या बोटांचा ओलसरपणा तिच्या पावलांना चिकटला, तो चिकटूनच राहिला.

कीर्तन रंगलं. खोटं कशाला सांगू, फार रंगलं. आवाज तसाच, जसा पोळ्या करपवायचा. आणि मध्यावर महाराज अर्धे वळले, शामलाबाईच्या गळ्यातल्या वीणेकडे बोट केलं आणि म्हणाले, "लोक मला विचारतात, महाराज, या लाकडाच्या पाया काय पडता? अरे वेड्यांनो, लाकूड नाही रे हे. यावर कोणाकोणाचे श्वास चढलेत. सात दिवस, सात रात्री कोणीतरी आपली भूक, तहान, देहधर्म विसरून हिला सांभाळलंय. त्याच्या पायाची धूळ मला मिळू दे." त्यांचा गळा दाटला. मांडवभर हुंदके आले. विक्रम डोळे पुसत होता. मनोहरराव मान डोलवत होते.

शब्द खरे होते. एकेक शब्द खरा. हेच शामलाबाईला सोसेना. शिळं-पाकं वाढलं असतं तर ताट सारता आलं असतं. हे तर ताजं पंचपक्वान्न होतं, आणि वाढणाऱ्याचे हात तिनं पाहिले होते. मुठीत तिला खुंटी लागत होती, शिसमाची, गुळगुळीत. ती धरून ती दोन तास उभी राहिली.

शेवटी गजर झाला आणि महाराज पुन्हा तिच्या पायांशी वाकले. फुलांचा वर्षाव झाला, सगळे फोन वर उठले. त्यांचं डोकं तिच्या पावलांवर असताना, गलक्यात फक्त त्यांनाच ऐकू जाईल अशा आवाजात, शामलाबाई बोलली. तिला अजूनही एक शेवटची आशा होती, बघा. माणूस असाच असतो.

"महाराज, मघाशी घरी आली होती थे मीच. वीणेले लाकूड म्हणाले होते तुम्ही. खरं सांगा जी, आमची परीक्षा पाहून राहिले होते का?"

महाराजांनी डोकं उचललं नाही. खालूनच, पुटपुटल्यासारखा, त्यांचा आवाज आला.

"कसली परीक्षा? हलू नकोस. फोटो होऊ दे."

मग ते उठले. डोळे भरलेले होते.

*

काला झाला. हंडी फुटली. वीणा शामलाबाईनं स्वतः गाभाऱ्यात नेऊन देवापुढच्या पाटावर ठेवली. महाराजांना हार घालायला तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती तिथे नव्हती. शालीचीही शोधाशोध झाली म्हणतात.

रुपराव देवळामागच्या नळावर होते. कमरेला ती जरीकाठी शाल, धोतर धुऊन तारेवर टाकलेलं, स्वतः एका विटेवर बसून उन्हात पाय शेकत होते. शामलाबाईनं द्रोणातला काला त्यांच्या हातात दिला.

"टेकली तं नाही न वं?"

"नाही."

त्यांनी द्रोण कपाळाला लावला आणि खायला घेतलं. चार बोटांच्या हातानं, एक लाही न सांडता.

"कीर्तन कसं झालं?"

शामलाबाईनं तारेवरचं धोतर ताणून सारखं केलं. "चांगलं झालं. लोक रडले."

"आन् तुम्ही?"

"मले मळमळत होतं."

"पोहे खाल्ले असतीन गुरुजीच्या घरचे," रुपराव म्हणाले.

तिला हसू आलं, आणि हसता हसताच रडू फुटलं. "भाऊजी, मी थांबवलं तुमाले. नाही तं..."

"हाव," रुपराव म्हणाले. बस, तेवढंच. नाही म्हणाले नाहीत, असू द्या म्हणाले नाहीत. द्रोण खाली ठेवून त्यांनी नळ सोडून दिला.

शामलाबाई नळाखाली बसली. सतरंजी टिपलेला पदर तसाच खांद्यावर होता. त्याची तिला आठवणही नव्हती. तिनं आधी पाय धुतले. दगडानं घासले. पुन्हा धुतले. मग कपड्यांचा साबण मागून घेऊन तिसऱ्यांदा धुतले. रुपराव बघत होते, पण काहून म्हणून त्यांनी विचारलं नाही.

हल्ली ती पोळ्या लाटताना फोन लावत नाही. लाटण्याचा आवाज तेवढा येतो. माघातल्या कीर्तनाला या वर्षी लोणारेबुवा होते, आणि ती पहिल्या रांगेत बसली होती. भक्ताच्या दारी तिरसट पाहुणा येतो ते वळण त्यांनी घेतलं, तेव्हा तिनं डोळे मिटले नाहीत. उघडे ठेवून ऐकलं. फळ्यावर सहा ते आठच्या पुढे आता तिचं नाव असतं.

कारण रुपराव गेले. दिवाळीनंतर, झोपेत. देवळाच्या पत्रिकेत त्यांचं नाव कुठे आलं नाही. त्या काल्याचं कीर्तन मात्र फोनवर आहे, लाखांनी पाहिलंय म्हणतात. त्यात रुपराव दिसत नाहीत. कॅमेरा बंद होता ना.

म्हणून उठण्याआधी एवढं माझं ऐका. पुढल्या वेळी कुठे कीर्तनाला बसाल, बुवांचा गळा दाटेल, तुमचेही डोळे भरतील; भरू द्या. पण एकदा बुवांच्या मागे बघा. तिथे कोणीतरी वीणा घेऊन उभं असेल. त्याला सोडवायला कोणी आलंय का, तेवढं विचारा. आणि विचारताना लकडगंजच्या आरा मशीनवरचे, चार बोटांचे, आमचे रुपराव आठवा.

आठवाल ना?